डॉक्टरबाईंची एकच रांग

डॉक्टरबाई,

तुमच्या निधनाची जी बातमी आपल्या गावच्या साप्ताहिकात आली, तीत तुमचा उल्लेख ‘सुप्रसिद्ध त्वचा व सौंदर्यतज्ज्ञ’ असा आहे. त्याखाली पनवेलच्या नववधूंच्या कांतीविषयी आणि तुमच्याकडच्या लेझर यंत्राविषयी चार गोड वाक्ये आहेत. कुष्ठरोग हा शब्द त्या बातमीत कुठेही नाही. संपादकांना मी त्याच दिवशी पत्र दिले. ते छापले गेले नाही, म्हणून दुसरे दिले आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, “जाऊ द्या हो नाझरसाहेब, पाटीवर मीच तसं लिहून ठेवलंय.” मान्य. पाटीवर तुम्हीच तसे लिहिले होते. पण तुमच्या पाटीमागे हेतू होता आणि त्या बातमीमागे निव्वळ आळस आहे. हेतू आणि आळस यांना एकाच मापाने मोजणे मला नोकरीत कधी जमले नाही, आता तर मुळीच जमणार नाही.

तुम्ही मला अखेरपर्यंत नाझरसाहेबच म्हणत राहिलात. दिवाणी न्यायालयात जप्तीचे हुकूम बजावणाऱ्या बेलिफांवर देखरेख करणारा मी माणूस. निवृत्त झालो तरी हुकूम आणि अंमलबजावणी यांच्यातले अंतर दिसले की माझे डोके फिरते. आपली ओळख झाली तीच मुळी अशा फिरलेल्या डोक्याने.

डाव्या हाताच्या कोपराखाली एक फिकट चट्टा होता. दुखत नव्हता, खाजत नव्हता. आमचे घर मूळचे रोडपालीचे, वडिलांचे मिठागर होते, आणि मिठागरावरच्या माणसाला हातापायाच्या कातडीचे फारसे कौतुक नसते. खारे पाणी लहानपणीच कातडी मारून टाकते, अशी आमच्याकडे समजूत. मीही तेच धरून बसलो होतो. पत्नीने फारच लकडा लावला म्हणून बाजारातल्या कापडदुकानावरचा तुमचा जिना चढलो. वर गेलो तर बाकावर ओढणीने गाल झाकलेली कॉलेजची मुलगी, टोपी न काढणारा एक तरुण, अंगभर खाजवणारे एक पोर आणि त्याची आई. दाराशी बसणाऱ्या तुमच्या मदतनीस अन्वरभाईंनी हातात पितळी बिल्ला दिला. ते नाव पुकारत नव्हते, फक्त बिल्ल्याचा आकडा. एवढ्या सगळ्यांत आपण उगाच आलो, असे वाटून मी उठणार, तोच माझा आकडा आला.

मी नाव आणि जुना हुद्दा सांगितला. तुम्ही चट्टा पाहिलात, कोपराच्या मागची शीर दोन बोटांत धरून चाचपलीत आणि म्हणालात, “आता डोळे मिटा. जिथे स्पर्श कळेल तिथे बोट ठेवा.”

मी डोळे मिटून बसलो. बराच वेळ गेला. मला वाटले, तुम्ही काही लिहीत असाल. शेवटी चिडून म्हणालो, “अहो, सुरू करा ना!”

“संपलं की, नाझरसाहेब.”

डोळे उघडले तर तुमच्या हातात कापसाची वात होती आणि ती माझ्या चट्ट्यावर अजून फिरत होती. मला ती दिसत होती. कळत मात्र नव्हती.

मी मिठाचे कारण सांगितले. तुम्ही मान डोलावलीत. “उरणकडचे कोळी आले की बर्फाचं कारण सांगतात. लिलावाच्या पाट्यांत बर्फ उपसून हात मेला म्हणतात. तुम्ही मिठागरवाले मिठाचं सांगता. दोघंही वर्षभर उशिरा येता.” मग तुम्ही रोगाचे नाव घेतलेत. हळू, पण खाली न बघता.

मी भडकलो. हा रोग देशातून हटला असे सरकारने जाहीर केले आहे, मी स्वतः वाचले आहे, कात्रण घरी आहे, असे सुनावले. तुम्ही म्हणालात, “आणा की कात्रण. चट्ट्याला दाखवू या.”

त्या क्षणी मला तुमचा भयंकर राग आला आणि त्याच क्षणी तुमच्यावर विश्वासही बसला. नंतर तुम्ही समजावून सांगितलेत, की दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण उरले तर ‘सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न’ म्हणून रोग हटला, अशी ती व्याख्या आहे. रोग संपला असे तिच्यात कुठेही म्हटलेले नाही. व्याख्येत जे लिहिलेले नाही ते लोकांनी वाचले, आणि जे वाचले त्यावर कचेऱ्या चालू लागल्या. कायद्याच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसाला यापुढे आणखी काय सांगावे लागते!

मी म्हणालो, “मग माझी नोंद करा. एक तरी करा. सरकारला कळू दे.”

“नोंदीला नको म्हणणारे मला रोज भेटतात. नोंद करा म्हणून ओरडणारा पहिलाच,” तुम्ही हसलात. “जा, प्रयत्न करा.”

तुम्ही दिलेली चिठ्ठी घेऊन मी सरकारी केंद्रात गेलो. तिथल्या माणसाने अदबीने विचारले, “काका, औषध खासगीत चालू आहे ना?” म्हटले, हो. “मग आमच्याकडे नोंद कशाची करणार? आमच्या औषधावर असेल तोच आमचा पेशंट.” मी विचारले, तर मग मी कोणाचा पेशंट? तो म्हणाला, “डॉक्टरांचा.” मी विचारले, डॉक्टरांच्या पेशंटांची बेरीज कुठे होते? त्याने पंख्याकडे पाहिले. रोग माझ्या हातात होता, निदान तुमच्या कागदावर होते, औषध माझ्या पोटात होते, आणि हिशेबी मी निरोगी नागरिक होतो. त्या आठवड्यात मी जितकी पत्रे लिहिली तितकी नोकरीच्या शेवटच्या वर्षातही लिहिली नसतील. कागदावर पेन दाबून माझ्या बोटांना घट्टे पडले आहेत म्हणून मी तक्रार केली, तर तुम्ही म्हणालात, “छान. म्हणजे बोटांना कळतंय.”

त्या औषधाने माझे अंग काळवंडत गेले. कॉलनीतले शेजारी विचारू लागले, “नाझर, गावी शेतावर जाता की काय हल्ली?” मी तुम्हाला सांगितले, की बापाचा मिठागरावरचा रंग मला उतारवयात मिळाला. तुम्ही एवढ्या हसलात की बाहेर अन्वरभाईंनी दाराकडे मान वळवली.

पण रमजानातल्या त्या संध्याकाळी तुम्ही हसला नव्हतात. माझ्या हाताची शीर सुजली होती, ताप होता, मूठ वळेना. फोन केला तर तुम्ही रिक्षा करून खांदा कॉलनीत आमच्या घरी आलात. तपासून, गोळ्या सुरू करून, हात उशीवर कसा टेकवायचा ते दाखवून होईतो अजानची वेळ झाली. आमच्या घरी तेव्हा माझा पेला वेगळा होता. कोणी सांगून ठेवला नव्हता, आपोआप वेगळा झाला होता. भांड्यांच्या मांडणीत तो एकटा शेवटी असे. पत्नी तुमच्यासाठी चांगल्या काचेचा ग्लास काढायला कपाटाकडे वळली. तेवढ्यात तुम्ही माझ्या उशाजवळचा तो पेला उचललात, त्यातले उरलेले पाणी प्यालात आणि रोजा सोडलात. मग पर्समधून खजूर काढून एक मला दिलात, एक तिला.

दुसऱ्या दिवसापासून तो पेला इतर पेल्यांत मिसळला आणि आज तो कोणता हे मला ओळखता येत नाही. एवढे झाल्यावर तरी मी तुमचे आभार मानायला हवे होते. मी तुम्हाला रिक्षापर्यंत सोडायला आलो आणि जिल्हा कार्यालयाच्या उत्तराविषयी बोलत राहिलो.

तुमच्याशी माझा खरा वाद झाला तो हिराबाईंवरून. तो मिटलेला नाही. आज तुम्ही उत्तर देऊ शकत नाही, म्हणून तो मी तुमच्या बाजूने मिटवून टाकणार नाही. तसे करणे तुम्हाला आवडले नसते.

उरणजवळच्या करंजाच्या हिराबाई सुकी मासळी करतात. तुमच्या बाकावर माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि त्यांच्या उजव्या तळहाताला भाजल्याची मोठी जखम होती. मी विचारले, केव्हा भाजले? म्हणाल्या, “मना काय म्हाईत? वास आला तवा बगितलं.” चुलीवरचे भांडे धरले होते आणि हात जळत असल्याचे त्यांना नाकाने कळले. मी ते ऐकले आणि माझ्या डोक्यात अर्जाचा मसुदा तयार झाला. नावासह, गावासह, त्या तळहाताच्या छायाचित्रासह. अशी एक बाई समोर उभी केली, तर कोणत्या कचेरीची छाती आहे रुग्ण नाहीत म्हणायची!

हिराबाई म्हणाल्या, “नाय.” तेवढेच.

मी समजावू लागलो. आत तुम्हाला ऐकू गेले. तुम्ही मला आत बोलावलेत आणि दार लावलेत.

“नाझरसाहेब, तिच्या पोरीचं लग्न ठरतंय. एकदा का नाव गेलं, की भेटीला गाडी येणार. करंजाच्या गल्लीत उतरून कर्मचारी विचारणार, कुष्ठरोगाची बाई कुठे राहते? झालं असं. माझ्या एका पेशंटचं झालंय. त्यानंतर तो मला परत दिसला नाही.”

“म्हणून काय रोग लपवायचा? ज्याची मोजदाद नाही त्याच्यासाठी औषध येत नाही, माणसं येत नाहीत, पैसा येत नाही. तुम्ही एकट्या किती जणांना पुरणार?”

“आणि तुमच्या कायद्यात काय लिहिलंय? नवऱ्याला किंवा बायकोला हा रोग असला तर काडीमोड मागता येतो. लिहिलंय की नाही?”

लिहिले होते. मी हे लिहीत असताना, २०१७ साली, अजून लिहिलेले आहे. बऱ्या होणाऱ्या रोगाला देशाचा कायदा संसार मोडण्याचे कारण मानतो, आणि त्याच देशाची कचेरी तो रोग आपल्या भागात नाही म्हणते. त्याविरुद्ध मी दिल्लीला पत्रे लिहिली आहेत, आणि ते कलम निघेपर्यंत किंवा मी निघेपर्यंत लिहीन.

तुम्ही म्हणालात, “सरकारी दवाखान्यात ह्या रोगाचा वार ठरलेला असतो. त्या वारी त्या बाकावर कोण बसलंय हे गावाला कळतं. माझ्याकडे वार नाही, वेगळा बाक नाही. लग्नाची पोरगी, केस गळणारा, खरजेचं पोर आणि हिराबाई, सगळ्यांची एकच रांग. मला पाटीवर सौंदर्य का लिहावं लागतं, कळलं? त्या शब्दाच्या आडोशाने ती वर येते.”

कळले. आडोसा हा इलाज आहे हे मला तेव्हा कळले. पण आडोशालाच राज्यव्यवस्था मानता येत नाही, हे माझे म्हणणे आजही कायम आहे. तुम्ही होतात तोवर तो आडोसा होता. तुमच्यानंतर काय, हे मी तेव्हाच विचारले होते. तुम्ही म्हणाला होतात, “माझ्यानंतर तुम्ही आहात ना ओरडायला.”

त्या भांडणातून निघालेली तडजोड मात्र आपल्या दोघांची होती. दर महिन्याला तुमच्याकडून एक तक्ता जायचा. त्यात नाव नाही, पत्ता नाही. फक्त वयोगट, तालुका, रोगाचा प्रकार, हातापायाला व्यंग आहे की नाही. वरचे पत्र मी लिहायचे, सही तुमची. मसुद्यात मी ‘निषेधार्ह’ लिहिले की तुम्ही त्याचे ‘खेदजनक’ करायच्या. मी ‘तात्काळ’ लिहिले की तुम्ही ‘कृपया’ जोडायच्या. रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह, आपण ती पत्रे पाठवत राहिलो. उत्तर आले नाही. शेवटी मी माहितीच्या अधिकारात विचारले, की खासगी त्वचारोगतज्ज्ञांकडून आपल्याकडे किती रुग्णांची माहिती आली? उत्तर एका शब्दाचे होते: निरंक. म्हणजे एकही नाही.

तो कागद घेऊन मी तुमचा जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढलो. एवढ्या पोचपावत्या माझ्या पिशवीत असताना निरंक! बाकावर तेव्हा कोणकोण बसले होते ते मी पाहिले. तुम्ही कागद वाचलात, मला पाणी दिलेत आणि म्हणालात, “अन्वरभाई, बाहेरच्या निरंकांना एकेक करून आत पाठवा.” मग माझ्याकडे वळून म्हणालात, “पुढच्या महिन्याचा तक्ता लिहून ठेवलाय. पत्र केव्हा देताय?”

माझा राग मोठा होता, डॉक्टरबाई, पण तो उत्तर मागणारा राग होता. उत्तर आले नाही की तो मलाच जाळायचा. तुम्ही उत्तराची वाट न पाहता काम करणाऱ्या. सरकारी औषध मिळण्यासाठी तुम्ही स्वतः जाऊन बसायच्या. जो नाव द्यायला तयार नसेल त्याच्यासाठी बाजारातून जमवायच्या. हिराबाई कोळंबीचे सोडे आणायच्या, तर पुढच्या खेपेला त्यांना तुम्ही सांगायच्या, की वांग्यात घातले, तुमच्या मुलाने दोनदा भात घेतला. सुन्न झालेल्या हातांनी सोललेले ते सोडे तुमच्या घरात शिजले, हे त्या बाईला औषधाइतकेच लागत होते, हे तुम्ही ओळखले होते. ते कुठल्याही तक्त्यात बसणारे नव्हते. मी आयुष्यात पुष्कळ न्यायाधीश पाहिले. समोरच्याची मान खाली न जाऊ देता त्याला सत्य सांगणारी माणसे त्यांत फार थोडी होती.

तुमच्या दफनाला मी आलो होतो. कब्रस्तानात माती देऊन बाहेर आलो, तर फाटकापलीकडे भिंतीला टेकून हिराबाई उभ्या होत्या. करंजाहून पहिल्या गाडीने आल्या होत्या. डोक्यावरचा पदर उजव्या हातावरून ओढून घेतलेला.

“दादा, डाक्टरीणबाय गेली. आता माजं कसं? गोल्यांचं पान सरत आलंय.”

दवाखान्याच्या दाराला कुलूप होते. अन्वरभाई कोणाला काही सांगण्याच्या स्थितीत नव्हते. उपचार अर्ध्यावर होता, आणि तो तुटला तर काय होते ते मला माहीत होते. मी म्हणणार होतो, पाहा, मी सांगत नव्हतो का? शब्द तोंडात आले होते. पण मला तुमचे लावलेले दार आठवले, आणि मी विचारले, “तुम्हाला काय करायचंय?”

त्यांनी फाटकातून आत पाहिले. मग म्हणाल्या, “लिवा माजं नाव. पण वरडाचं नाय कुनी. पोरीचं लगीन वैशाखात हाय.”

उरणच्या केंद्रात ओळखीची माणसे भेटली असती, म्हणून आम्ही पनवेलच्या केंद्रात गेलो. मी आधी एकटा जाऊन तिथल्या डॉक्टरांना भेटलो होतो. तरुण माणूस, सभ्य वाटला. नाव येईल, पण घरी गाडी जाणार नाही, भेट फक्त इथेच, असा शब्द मी त्यांच्याकडून घेतला. लेखी मागितला. त्यांनी दिला. मला वाटले, सर्व बाजूंनी बंदोबस्त झाला.

बाहेरच्या दालनात लसीकरणाची गर्दी होती. हिराबाई माझ्यापासून थोड्या अंतरावर बसल्या, आणि मी पाहिले की त्यांचा चेहरा उतरला आहे. समोरच्या बाकावर नातवाला घेऊन बसलेली बाई त्यांच्याच गल्लीतली होती. लेक पनवेलला दिली होती तिची. ती हिराबाईंकडे बघत होती, ओळख पटून हसायच्या बेतात. तेवढ्यात आतले दार उघडले. हातात रजिस्टर घेतलेला एक शिपाई उंबऱ्यात उभा राहिला आणि भाजीबाजारात ओरडावे तसा ओरडला:

“कुष्ठरोगवाले कोण आहेत? कुष्ठरोगवाले पुढे या!”

आयांनी मुले जवळ ओढली. हिराबाईंनी मान खाली घातली आणि उजवा हात पदरात घेतला. अजून एक क्षण गेला असता तर त्या उठून निघून गेल्या असत्या, आणि मग करंजाच्या वाळूवर तो हात हळूहळू झिजत गेला असता. हे मला त्या वेळी अगदी स्वच्छ दिसले.

मी उठलो. “मी,” म्हणालो. “मी आहे.” न्यायालयात पुकारा करतात त्या आवाजात म्हणालो.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. शिपायाने नाव विचारले. मी पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, सांगितले. त्याने ते तिथेच लिहून घेतले. मी खोटे बोललो नाही. मला तो रोग होता. तो अजून आहे का, हे त्याने विचारले नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला साक्षीदार बांधील नसतो.

समोरची बाई म्हणाली, “काय गो हिरे, तू इकरं कशी?”

हिराबाईंनी मान वर केली. एकदा माझ्याकडे बघितले. “दादांना घेऊन आलंय गो. एकल्यानं चालवत नाय त्यांना,” त्या म्हणाल्या, आणि पुढे येऊन माझा दंड धरला.

खांदा कॉलनीतून बाजारापर्यंत रोज पायी जाणारा मी, डॉक्टरबाई, त्या दालनातून लंगडत गेलो. चांगला लंगडलो. तुम्ही पाहिले असते तर अन्वरभाईंना दारापर्यंत पळत यावे लागले असते.

आत दार लागले. मी तरुण डॉक्टरांना खरी गोष्ट सांगितली. हिराबाईंनी आपले नाव, नवऱ्याचे नाव, गाव स्वतः सांगितले, कोणी न विचारता हात टेबलावर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी विचारले, आधी कोणाकडे होतात? त्यांनी तुमचे नाव घेतले. रजिस्टरात ‘डॉक्टर’ एवढेच लिहिलेले मला दिसले. मी बोट ठेवून तुमचे पूर्ण नाव लिहायला लावले.

शिपायाच्या त्या ओरडण्याबद्दल माझे पत्र वर गेले आहे. त्यात ‘निषेधार्ह’ आहे, आणि या वेळी त्याचे ‘खेदजनक’ करायला कोणी नाही. तुमच्या मागे पुढच्या महिन्याचा तक्ता कोण भरणार, हेही शहरातल्या प्रत्येक त्वचारोगतज्ज्ञाला मी पत्राने विचारले आहे. एकाने ‘कृपया भेटा’ असे उत्तर दिले. सोमवारी जातो आहे.

एक गोष्ट तेवढी तुम्हाला सांगायची राहिली. हिराबाईंना त्यांच्या गोळ्यांचे नवे पान मिळाले. मग डॉक्टरांनी रजिस्टर पुढे ओढले, बाहेर लिहिलेल्या माझ्या नावावर आडवी रेघ मारली आणि त्याखाली हिराबाईंचे नाव लिहिले. माझे नाव सरकारी मोजणीतून दुसऱ्यांदा बाहेर राहिले, डॉक्टरबाई. या वेळी मी तक्रार केली नाही.